कान आणि कंडेन्सर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याहून मुलगा, सून आणि नात चार दिवसांसाठी आले होते. बाहेर कोल्हापुरी पाऊस. एकदा लागला की आठवडाभर माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही. घरात बसून करायचं काय, म्हणून मी मल्लिकार्जुन मन्सूरांची एक जुनी कॅसेट लावली आणि पाच मिनिटांत बंदही केली. तंबोऱ्याची जवारी ऐकू येईना, तबल्याच्या चाटेला धार नाही. सगळं गाणं कुणीतरी गोधडीखाली घालून ठेवल्यासारखं वाटत होतं. चिरंजीवांनी मोबाईलमधून मान वर न काढता निकाल दिला, “बाबा, किती वर्षं झाली त्या खोक्यांना? भंगारात द्या. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर देतो पाठवून.”

ती खोकी म्हणजे आमच्या दिवाणखान्यातले दोन स्पीकर. १९८९ साली बँकेत पगारवाढीचे एरियर्स हातात पडले तेव्हा घेतलेले. त्या पैशांत फ्रिज यावा अशी सौ.ची इच्छा होती. स्पीकर आले, फ्रिज त्यानंतर दोन वर्षांनी आला, आणि ही हकिगत आमच्या घरात पाहुणे आले की अजूनही सांगितली जाते. या स्पीकरांसमोर बसून मी तीन कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे लिहिले. दिवसभर कर्जाची प्रकरणं आणि थकबाकीची पत्रं, रात्री जेवणानंतर तासभर गाणं, असा माझा अडतीस वर्षांचा शिरस्ता. तेव्हा ‘भंगारात द्या’ हे काही मला रुचलं नाही. मी म्हटलं, आधी दोष कुठे आहे ते तरी बघू.

आज हा लेख लिहितोय तो या ‘दोष कुठे आहे’ या प्रश्नासाठीच. त्याचं उत्तर शोधायला मी निघालो स्पीकरच्या खोक्यात आणि पोचलो भलतीकडेच.

कोल्हापूरच्या माणसाला वस्तू उघडून बघायची भीती नसते. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथल्या फाउंड्र्यांनी आणि लेथवरच्या कारागिरांनी शेतकऱ्याला ऑइल इंजिनं पुरवली, तिथं ‘आतले भाग दुरुस्त होत नाहीत’ हे वाक्य कुणी सहसा ऐकून घेत नाही. माझ्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. पंचगंगेच्या काठच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करणं हा त्यांचा धंदा, आणि जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर हा शौक. पाऊस जरा उघडला तसे ते स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगचं इस्त्र्या आणि मीटर घेऊन आले. मागचं झाकण काढलं. आत धूळ, कोळ्याची दोन जाळी आणि पुठ्ठ्याएवढ्या पट्टीवर बसवलेले चारच भाग.

त्या पट्टीला क्रॉसओव्हर म्हणतात. काम साधं आहे. खोक्यात दोन स्पीकर असतात. मोठा, म्हणजे वूफर, जाड आवाजांसाठी; छोटा, म्हणजे ट्वीटर, बारीक आवाजांसाठी. ॲम्प्लिफायरकडून सगळं गाणं एकाच तारेतून येतं. त्यातलं काय कुणाकडे पाठवायचं हे क्रॉसओव्हर ठरवतो. बँकेत सकाळी टपाल फोडून कर्जाचं कर्जविभागाकडे आणि ठेवींचं ठेवविभागाकडे लावणारा एक कारकून असतो, तसा हा खोक्यातला टपाल-कारकून. तारेचं वेटोळं जाड आवाज वूफरकडे जाऊ देतं आणि बारीक अडवतं. कंडेन्सर नेमकं उलट करतो. तो बारीक आवाज ट्वीटरकडे सोडतो आणि जाड थोपवून धरतो. हे थोपवणंही महत्त्वाचं असतं, कारण तबल्याच्या बायाचा धक्का जर नाजूक ट्वीटरवर गेला तर तो जळायला वेळ लागत नाही.

शाळेच्या पुस्तकात या कंडेन्सरला ‘धारित्र’ असं भारदस्त नाव आहे. धातूचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा पडदा, एवढाच त्याचा संसार. आमच्या स्पीकरमधला पाच मायक्रोफॅरडचा होता. ट्वीटर आठ ओहमचा. मेस्त्रींनी सांगितलेलं सूत्र घेऊन मी कागदावर गणित केलं. सुमारे ४००० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास वाटणीची रेघ पडते. पियानोची सर्वांत उंच पट्टी ४१८६ हर्ट्‌झची. म्हणजे माणसाच्या गळ्याचा मूळ स्वर सगळा मोठ्या स्पीकरमधूनच येतो. छोट्याकडे जातात ते त्या स्वराचे वरचे पदर: तंबोऱ्याची जवारी, चाटेची धार, झांजेची किणकिण, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’. गाण्याचा सांगाडा नव्हे, त्याची कांती.

मेस्त्रींनी कंडेन्सरचा एक पाय सोडवला. (जागेवरच मोजलं तर शेजारच्या भागांमुळे आकडा चुकतो.) मीटर लावलं. पाचाच्या जागी ३.१. दुसऱ्या खोक्यातला ४.७ निघाला, तो चालण्यासारखा होता. मेस्त्री म्हणाले, “सायेब, ह्यो बघा, खडखडीत वाळलाय.”

वाळलाय हा शब्द अगदी बरोबर होता. जुन्या स्पीकरांत बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचे कंडेन्सर असतात. ते स्वस्त आणि आकारानं लहान. त्यांत अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षं तो ओलावा हळूहळू उडून जातो. धारणशक्ती घटते, आतला विरोध वाढतो, आणि कारकून टपाल अडवून ठेवायला लागतो. पाचाचे ३.१ झाले की वाटणीची रेघ चार हजारांवरून जवळजवळ साडेसहा हजारांवर सरकते. मधला पट्टा कुणाच्याच वाट्याला धड येत नाही. बिघाड खरा होता, मोजता येण्याजोगा होता, आणि खोकी भंगारात देण्याचं त्यात काहीच कारण नव्हतं.

नवा कंडेन्सर कुठला घालायचा? मी विचारलं तेव्हा मेस्त्रींनी छताकडे बोट दाखवलं. “पंख्याचाच घाला की. प्लॅस्टिकचा असतोय, वाळत न्हाई.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, पंखा हळू फिरायला लागला की आपण जो अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलून आणतो, त्यात पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. भारी स्पीकरांसाठी जे कंडेन्सर मुद्दाम बनवतात, त्यांतल्या बहुतेकांतही तेच प्लॅस्टिक. पंख्यात तो अखेर कमजोर होतो, कारण घरच्या विजेचा २३० व्होल्टचा मारा आणि मोटारीची ऊब त्याला उन्हाळाभर सोसावी लागते. घरच्या स्पीकरमध्ये त्याच्या वाट्याला येतात ते एरवी थोडेच व्होल्ट. तिथं तो नातवंडांपर्यंत टिकावा. अडीच अधिक अडीच, समांतर जोडले की बरोबर पाच. दोन्ही खोक्यांना मिळून चार कंडेन्सर लागले. तीनशे रुपयेही झाले नाहीत. मेस्त्रींनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

कॅसेट पुन्हा लावली. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, तंबोरा आला की!” मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तितकंसं काही जाणवलं नव्हतं. पण स्पीकर मी दुरुस्त करून घेतलेले. बायकोला फरक कळतो आणि आपल्याला कळत नाही, हे कबूल कोण करणार?

इथं थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाला या गोष्टींचं वेड आहे. तो म्हणाला, काका, पंख्याचे कंडेन्सर घालून कुणी गाणं ऐकतं का? परदेशी कंडेन्सर येतात, खास ध्वनीसाठी केलेले. एकदा ऐका, पडदा उघडल्यासारखं होईल. ज्याला मुळात कमी ऐकू येतंय त्याला ‘पडदा उघडेल’ म्हटलं की तो पाकीट उघडतो. साडेनऊ हजार रुपयांची जोडी मागवली. औषधाच्या बाटलीएवढे देखणे डबे आले. ते बसवले त्या रात्री मी वहीत एक पानभर मजकूर लिहिला. आवाज मोकळा झाला, स्वरांभोवती हवा खेळू लागली, निषादाला झळाळी आली, असं बरंच काही. लेखणीची सवय असलेल्या माणसाला विशेषणं कधी कमी पडत नाहीत.

दिवाळीत नात पुन्हा आली. ती अकरा वर्षांची आहे आणि प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारते. माझं वर्णन ऐकून तिनं तेच विचारलं. मला एकदम बँक आठवली. आमच्याकडे एक नियम होता, अजूनही असतो: ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यानं ते पास करायचं नाही. सही दुसऱ्याची हवी. तो नियम माणसं चोर असतात म्हणून केलेला नाही. माणसाला स्वतःनं लिहिलेला आकडा बरोबरच दिसतो, म्हणून केलेला आहे. साडेनऊ हजारांचं व्हाउचर मीच लिहिलं होतं आणि पासही मीच केलं होतं.

मग रीतसर तपासणी झाली. मेस्त्रींनी एकाच खोक्याला बाहेरून एक खटका बसवून दिला. खटका एकीकडे केला की परदेशी कंडेन्सर, दुसरीकडे केला की पंख्याचे. सौ.नं नाणं उडवायचं, छाप पडली तर एक, काटा पडला तर दुसरा, आणि वहीत नोंद करायची. मी पाठ करून बसायचं आणि कुठला वाजतोय ते सांगायचं. सौ. निवृत्त शिक्षिका आहे. “मी तीस वर्षं पेपर तपासलेत, कॉपी चालणार नाही,” एवढं बजावून तिनं सुरुवात केली. तिसऱ्याच खेपेला मी डोळे मिटून म्हणालो, “वा! हा परदेशी. निषाद बघ कसा उजळतोय.” मागून आवाज आला, “पंख्याचा आहे.”

वीस खेपांत माझी अकरा उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून नाणं टाकलं असतं तर दहा आली असती. मग मी नाणं हातात घेतलं आणि सौ. ऐकायला बसली. तिची नऊ. नात कंटाळली म्हणून तिनं दहाच ऐकले. पाच बरोबर, पाच चूक. तिघांपैकी एकालाही साडेनऊ हजार रुपये ऐकू आले नाहीत.

कुणी म्हणेल, तीन माणसांनी एका संध्याकाळी केलेल्या खेळाला काय किंमत? खरं आहे. आणखी चांगल्या स्पीकरांवर, आणखी तयार कानांना फरक कळतही असेल. दोन कंडेन्सरांच्या किमतीत फरक असतो तसा त्यांच्या मापातही थोडा असू शकतो, आणि तेवढ्यानंही आवाज किंचित बदलतो. माझं म्हणणं एवढंच की फरक आहे असं जो म्हणतो त्यानं पाठ करून बसावं आणि नाणं दुसऱ्याच्या हातात द्यावं. हे स्पीकरपुरतंच नाही. महागड्या टॉनिकला, भारी शाळेला, परदेशी शिक्का असलेल्या कुठल्याही मालाला ही तपासणी लावून पाहावी.

नातीला मात्र खेळाची गोडी लागली होती. ती म्हणाली, “तो वाळलेला कुठाय? तो लावू या.” तो माझ्या कपाटात होता. आयुष्यभर जुनी व्हाउचरं जपून ठेवलेला माणूस असं काही टाकत नाही. खटक्याच्या एका बाजूला वाळलेला, दुसऱ्या बाजूला पंख्याचे. नातीची दहापैकी दहा उत्तरं बरोबर; ती तर गाणं सुरू होण्याआधीच्या तंबोऱ्यावरच सांगायची. सौ.ची वीसपैकी अठरा. माझी बारा.

बारा म्हणजे अंदाजपंचे. ज्या बिघाडासाठी मी खोकी उघडली, जो मीटरवर स्पष्ट दिसला, जो घरातल्या दोघींना लख्ख ऐकू आला, तो मला ऐकूच येत नव्हता. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग नातीनं सरळ विचारलं, “आजोबा, तुम्हाला ते वरचं ऐकू येत नाही का?”

मी म्हटलं, येतं की. तेव्हा तिनं खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग बाहेर काय ओरडतंय?”

मी कान दिला. बाहेर काही नव्हतं. ओली, शांत रात्र होती. “रातकिडे,” ती म्हणाली. “किती मोठ्यांदा ओरडतायत!” सौ.नं माझ्याकडे न बघता मान हलवली.

आता एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात रातकिड्यांवर लेख लिहिला होता. आमच्या घरामागं पूर्वी उसाचं रान होतं, तिथं प्लॉट पडले, बंगले उठले, आणि कोल्हापूरच्या रात्रीतून रातकिडे नाहीसे झाले, असा त्याचा सूर होता. माणसाच्या हव्यासावर त्यात दोन परिच्छेद होते. लेख आवडल्याची पत्रं आली. ‘आमच्याकडचेही गेले हो,’ असं तिघांनी कळवलं होतं. त्या तिघांचीही वयं सत्तरीच्या पुढची होती, हे मला या दिवाळीत आठवलं. शेतं गेली हे खरं, कीटक कमी झाले असतील हेही शक्य आहे. पण माझ्या खिडकीबाहेरचे रातकिडे कुठेही गेले नव्हते. गेला होता माझा कान, आणि खापर मी जगावर फोडलं होतं. त्या लेखाच्या वाचकांची मी या ठिकाणी माफी मागतो.

सोमवारी कान तपासून घेतले. तक्त्यावर रेघ सुरुवातीला सपाट चालते, दोन हजारांच्या पुढे घसरायला लागते आणि चार हजारांपाशी पंचेचाळीस डेसिबलांनी खाली येते. आठ हजारांपाशी पासष्ट. डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं, पण तुम्ही पाच-सहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं. चार हजार हा आकडा ऐकून मला हसू आलं. स्पीकरमध्ये वाटणीची रेघ जिथं होती, तिथं पोचेपर्यंत माझा कानही उतरणीला लागलेला होता. दोन बिघाड एकावर एक बसले होते. मी एक दुरुस्त केला होता आणि दुसऱ्यासाठी साडेनऊ हजारांचे कंडेन्सर आणले होते.

सौ. गेली दोन वर्षं सांगत होती, टीव्ही फार मोठा लावता. मी म्हणायचो, आजकालचे नट पुटपुटतात. दारावरची बेल ऐकू येत नाही म्हणून बेल बदलली. फोनवर नात काय बोलते ते कळत नाही म्हणून फोन बदलला. साठी उलटलेल्या किती घरांत आज असंच चाललं असेल! डोळ्यांना चष्मा लागला तर आपण चारचौघांत मिरवतो. कानाला यंत्र लागलं की म्हातारपण आलं असं वाटतं. पण न ऐकणं नुसतं गैरसोयीचं नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानं २०२० सालच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण ज्यांवर उपाय करता येतो अशी बारा कारणं दिली. त्यांत बहिरेपण आहे. न ऐकणारा माणूस हळूहळू बोलण्यातून उठतो, मग बैठकीतून उठतो, आणि मेंदूचं काम कमी होत जातं.

कंडेन्सर आणि कान यांत एक मोठा फरक आहे. आपल्या अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डोलतात आणि मेंदूला संदेश पोचवतात. वयानं त्या झिजतात, मोठ्या आवाजानं मरतात, आणि माणसाच्या बाबतीत एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. उद्यमनगरात काय, कुठल्याच नगरात तिचा सुट्टा भाग मिळत नाही.

हे कोल्हापुरात लिहिताना गणपतीतल्या ‘डॉल्बी’चा विषय टाळता येत नाही. आमच्याकडे स्पीकरांची भिंत उभी केली की तिला डॉल्बी म्हणतात. गंमत अशी की ज्यांच्या नावानं हे चालतं त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे. टेपवरची नको असलेली खरखर कमी करणं हा त्या कंपनीचा पहिला शोध. आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिलेली आहे. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी करावी. हिशेब मांडून पाहा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणुकीत त्या भिंतीसमोर खांद्यावर लेकरू घेऊन उभा राहिलेला बाप मी दरवर्षी पाहतो. मुलाच्या शिक्षणासाठी तो पै-पै जमवतो, आणि मुलाच्या कानांचं कायमचं भांडवल एका संध्याकाळीत खर्चून टाकतो. हेच कानात बोळे घालून मोठ्यांदा गाणी ऐकणाऱ्या पोरांचं. त्यांची रेघ माझ्याआधीच घसरू शकते.

आता जुने स्पीकर असणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण ते काम मला अजूनही करण्यासारखं वाटतं. आवाज मंद झाला तर आधी खोकं उघडून कंडेन्सर मोजा. चांगला असेल तर हात लावू नका. बदललात तर माप तेवढंच ठेवा आणि दोन्ही खोक्यांत एकाच जातीचे घाला. अधिक-उणे खुणा असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक क्रॉसओव्हरमध्ये चालत नाही, कारण तिथली वीज सतत दिशा बदलते. प्लॅस्टिकचा घातल्यावर आवाज जास्त उजळ वाटला तर घाबरू नका. जुन्या कंडेन्सरचा आतला विरोध गेला, त्याचा तो परिणाम असतो. जाणकार मेस्त्री छोटा रेझिस्टर घालून तो जुळवून देतो. आणि एक महत्त्वाचं: ॲम्प्लिफायर किंवा भिंतीतल्या प्लगला जोडलेला स्पीकर स्वतः उघडू नका. त्यातले मोठे कंडेन्सर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतात. बाकी सगळं साधं आहे. घरातल्या मुलांना शेजारी बसवून करा. वस्तू उघडते, समजते आणि दुरुस्त होते, हे त्यांनी एकदा तरी पाहायला हवं.

आणि खोकं उघडण्यापूर्वी कान तपासून घ्या. तो खर्च कुठल्याही कंडेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मन्सूरांना घडवणारे मंजी खाँ आणि बुर्जी खाँ हे अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, त्यामुळे कोल्हापूरकरांना ते आपलेच वाटतात. ऐन उमेदीच्या काळात आमलेट्याच्या दरबारात अतिगायनानं त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. तेव्हा त्या नव्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी रचली, आणि त्यातून जे घराणं उभं राहिलं ते आज आपण ऐकतो. गेलेल्या आवाजाचा दोष त्यांनी दरबारावर, हवेवर किंवा श्रोत्यांवर टाकत बसलेलं नाही. जे उरलं त्याचं नीट माप घेतलं. माझ्यासारख्या निवृत्त माणसानं एवढं जरी घेतलं तरी पुरे.

गेले दोन महिने मी दोन्ही कानांत यंत्रं घालतोय. पहिले काही दिवस कागदाची सळसळ आणि भांड्यांचा आवाज नकोसा झाला. आता सवय होतेय. यंत्रातून ऐकलेला तंबोरा तरुणपणी ऐकलेल्या तंबोऱ्यासारखा नाही, हे मान्य केलं पाहिजे; पण जवारी आहे एवढं कळतं. टीव्हीचा आवाज पहिल्यापेक्षा निम्म्यावर आलाय. परदेशी कंडेन्सर सहकाऱ्याच्या मुलाला परत देऊन टाकले. आमच्या खोक्यांत पंख्याचेच आहेत. रातकिडे ऐकू येतात का, असं नात दर रविवारी फोनवर विचारते. थंडीत ते गप्प होते. पहिला वळीव पडला की सांगतो, असं मी तिला कबूल केलंय.